इंदूरला राहून स्वतःचा पहिला मराठी अल्बम कसा काढायचा

स्वतः लिहिणारी, स्वतः चाल लावणारी आणि स्वतःच गाणारी मुलं-मुली इंदूरमधे आता बरीच दिसतात, आणि त्यातलं कोणी फोन करतं तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला, दादा स्टुडिओ कुठला चांगला. माझं उत्तर पण ठरलेलं आहे, स्टुडिओचं शेवटी बघू. गाणी कुठली, पट्टी कुठली (म्हणजे कुठल्या सुरात गायचं), वादक कोण आणि हक्क कोणाचे, ह्या चार गोष्टी घरी बसून ठरल्या नसतील तर स्टुडिओत तासाचं मीटर चालू असताना त्या ठरवाव्या लागतात, आणि मग जे होतं ते नाईलाजाने होतं. खाली जे लिहितोय ते त्याच क्रमाने आहे ज्या क्रमाने कामं करावीत असं मला वाटतं, त्यामुळे मधलं सोडून पुढे पळू नका.

गाणी आधी लोकांसमोर गा

इंदूरच्या मराठी गायकाकडे एक गोष्ट आहे जी पुण्या-मुंबईच्या नवीन पोरांना सहज मिळत नाही, ती म्हणजे मंडळं. रामबाग, राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, सुदामा नगर, कुठेही बघा, गणपतीचे दहा दिवस, कोजागिरी, दिवाळी पहाट, गुढीपाडवा, काही ना काही कार्यक्रम असतोच आणि गाणारं माणूस हवंच असतं. आता तिथे सगळी स्वतःची गाणी गायलात तर पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत हे उघड आहे. म्हणून दोन-तीन ओळखीची नाट्यगीतं-अभंग गा आणि मधे एक स्वतःचं घाला, आणि घालताना आधी सांगू नका की हे माझं आहे. गाऊन झाल्यावर सांगा. आधी सांगितलं की लोक आपल्या पोराचं म्हणून कौतुकाने ऐकतात आणि त्या कौतुकाचा काही उपयोग नसतो.

गाताना लक्ष कुठे ठेवायचं तर पहिल्या दोन रांगांवर. ज्या अंतऱ्याला काकू शेजारणीला प्रसादाचं विचारायला वळतात तो अंतरा लांबलाय, मग त्यातली ओळ तुम्हाला कितीही प्रिय असो. आणि कार्यक्रम संपल्यावर गाडी काढता काढता कोणी धृपद गुणगुणत असेल तर ते गाणं अल्बममधे घ्याच. प्रत्येक कार्यक्रमाचं फोनवर रेकॉर्डिंग करून ठेवा, तारखेसकट. पुढे चाल कोणाची म्हणून वाद झाला तर ते दाखवायला पण कामाला येतं.

शब्दांबद्दल एवढंच सांगतो की आपली मराठी हिंदी-माळवीच्या शेजारात वाढलेली आहे, ती गाण्यात लपवायची गरज नाही. सराफ्यात रात्री बारा वाजता भटकणारा माणूस गाण्यात एकदम सदाशिव पेठेतला होऊन बोलायला लागला की ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं. शुद्धलेखन तपासून घ्या, बोली नका बदलू.

सहा की आठ

हे लहानसं वाटतं पण बऱ्याच जणांना माहीत नसतं. स्पॉटिफाय आणि ॲपल म्युझिकवर चार ते सहा गाणी असतील आणि एकूण वेळ ३० मिनिटांच्या आत असेल तर त्याला ईपी, म्हणजे छोटा अल्बम, म्हणून दाखवतात. सात किंवा जास्त गाणी, किंवा मग एकूण ३० मिनिटांच्या वर, तेव्हा तो अल्बम. आजकाल गाणं चार मिनिटांचं असतं, म्हणजे सहा गाण्यांचे झाले २४ मिनिटं, आणि तुम्ही घरी-दारी माझा पहिला अल्बम म्हणून सांगून ठेवलेलं असतं आणि पानावर येतं ईपी. ईपी काढणं वाईट नाहीच, पहिल्या वेळेला मी तर तेच सुचवेन, पण आधी माहीत असावं. अल्बमच हवा असेल तर सात-आठ गाणी ठेवा, आणि आठवं भरतीचं वाटत असेल तर सातवर थांबा.

पट्टी, आणि घरातली पेटी

स्वतः लिहिणारे गायक बहुतेक सगळी गाणी एकाच पट्टीत बांधतात, कारण घरी पेटीवर किंवा गिटारवर बोटं तिथेच बसलेली असतात. पुरुष असेल तर काळी एक (म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी), बाई असेल तर काळी चार किंवा पाच. एक गाणं ऐकताना काही वाटत नाही, पण सलग आठ गाणी काळी एकमधे ऐकली की चौथ्याला कान थकतो आणि कारण सांगता येत नाही. प्रत्येक गाणं अर्धा-एक सूर वर-खाली करून गाऊन बघा, धृपदाची सगळ्यात वरची जागा आणि अंतऱ्याची सगळ्यात खालची जागा दोन्ही नीट लागतात ती पट्टी त्या गाण्याची. ठरली की वहीत लिहा, आणि तबलजीला आठवडाभर आधी कळवा, कारण प्रत्येक सुराला वेगळा तबला लागतो, काळी एकचा तबला घेऊन आलेला माणूस पांढरी पाचला काय करणार. गिटारवाल्याचं सोपं असतं, काळी एकला गिटारच्या पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबणारा चिमटा, लावून तो सी चे कॉर्ड वाजवतो.

आता पेटी. आपल्याकडे पुष्कळ घरांत आजोबांची जुनी पेटी असते, जर्मन रीडची, आवाज असा की नवीन पेट्या त्याच्यापुढे पाणी भरतील, आणि गायकाचा हट्ट असतो की अल्बममधे हीच वाजली पाहिजे. वाजू द्या की, पण आधी फोनवर ट्यूनर ॲप लावून पांढऱ्या सहाच्या सुराला धरून बघा. गिटार, कीबोर्ड, कॉम्प्युटरमधली सगळी वाद्यं ४४० हर्ट्झला लागलेली असतात, आणि जुनी पेटी कधी ४४५ निघते कधी ४३६. ४४५ म्हणजे साधारण २० सेंट वर, एका अर्ध्या सुराचा पाचवा भाग. रियाजाला ते जाणवत पण नाही. पण धृपदात पेटी, गिटार आणि मागे कोरस एकत्र आले की सगळं आंबट लागतं आणि मग सगळे मिळून गायकाला म्हणतात तू बेसूर होतोयस. उपाय सोपा आहे, पेटीचा सूर हलवता येत नाही तर बाकीच्यांनी पेटीला यायचं. गिटार पेटीवर लावा, कीबोर्ड आणि सॉफ्टवेअरमधे मास्टर ट्यूनिंगचा आकडा बदला, आणि हा आकडा प्रोजेक्टच्या फाइलच्या नावातच लिहून ठेवा म्हणजे दोन महिन्यांनी बासरीवाला आला तर त्याला पण सांगता येईल. दुसरं म्हणजे पेटीला माइक अगदी जवळ लावला की भात्याचा फस्स फस्स आवाज येतो, दोन-अडीच फूट लांब ठेवा.

कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात.

एका गाण्यात तीन वेगळे हक्क असतात. शब्दांचा, चालीचा आणि रेकॉर्डिंगचा. शब्द आणि चाल तुमचीच असेल तर पहिले दोन तुमचे. रेकॉर्डिंगचा हक्क कायद्याने निर्मात्याचा, म्हणजे ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली त्याचा. खर्च तुम्ही करताय, वादक तुम्ही बोलावताय, तर निर्माता तुम्ही. पण मित्राने स्टुडिओ फुकट दिला, मामाने पैसे घातले, अरेंजर म्हणाला मी तर अर्धी चालच बांधली, तर मग? हे सगळं रेकॉर्डिंगच्या आधी एका पानावर लिहा, गाण्याचं नाव, शब्द कोणाचे किती टक्के, चाल कोणाची किती टक्के, रेकॉर्डिंग कोणाच्या मालकीचं, खाली सह्या. मित्राकडे सही मागायला लाज वाटते हे मला कळतं, पण नंतर मैत्री जाते त्याची जास्त वाटते.

वादकांना पैसे देताना रोख देऊन मोकळे होऊ नका. यूपीआयने द्या आणि एक छोटी पावती सहीसकट घ्या, अमुक गाण्यात वाजवल्याचे पूर्ण मानधन मिळाले आणि हे रेकॉर्डिंग प्रकाशित करायला संमती आहे. आणि अल्बममधे त्यांचं नाव नक्की टाका, पैशापेक्षा लोकांना ते जास्त लक्षात राहतं.

शब्द दुसऱ्याचे असतील तर लक्ष द्या. कवी गेल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट चालतो, त्यामुळे जुनी कविता आहे, आजीच्या वहीत होती, एवढं पुरत नाही, कवी कधी वारले ते बघा आणि वारसांकडून लेखी परवानगी घ्या. संतांच्या अभंगांना ही अडचण नाही, तुकोबांचे शब्द सगळ्यांचे. पण त्या अभंगाची जी चाल आपण लहानपणापासून ऐकतो ती बहुतेक वेळा विसाव्या शतकातल्या कोण्या संगीतकाराची असते आणि ती मोकळी नसते. अभंग घ्यायचा तर चाल स्वतःची लावा, तसंही अल्बम तुमचा आहे ना.

कोणी लेबल किंवा कंपनी समोर आली तर दोन-तीन गोष्टी लक्षात असू द्या. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचाच लागतो. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, म्हणूनच त्यांच्या कागदावर कायमस्वरूपी आणि संपूर्ण विश्वात असं छापलेलं असतं. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा असा सहज लिहून घेता येत नाही, तो वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. तुम्ही लिहिणारे पण आहात, चाल लावणारे पण आहात, म्हणजे हे कलम तुमच्यासाठीच आहे.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, हक्क गाणं तयार झाल्यापासूनच असतो. तरी ऑनलाइन करता येते, शब्द किंवा चालीसाठी एका कृतीला ५०० रुपये, रेकॉर्डिंगसाठी २,०००, आणि अर्जानंतर ३० दिवस हरकतींसाठी थांबावं लागतं. माझं मत विचाराल तर आठही गाण्यांची करण्यापेक्षा ज्या एक-दोन गाण्यांवर खरंच भरवसा आहे त्यांची करा आणि उरलेले पैसे तबलजीला द्या.

आता रेकॉर्डिंग

आवाज घरी रेकॉर्ड करता येतो, खरंच येतो. कपड्यांनी भरलेलं कपाट ज्या खोलीत आहे ती निवडा, मागे रजई टांगा, माइकपासून एक वीत लांब, मधे पॉप फिल्टर, म्हणजे प-फ चा फुंकर अडवणारी जाळी. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. पातळी अशी ठेवा की सगळ्यात जोरात गातानाही मीटर उणे दहा-बारा डेसिबलच्या आसपास राहील, वर चढवायला नंतर भरपूर वाव असतो, फाटलेला आवाज मात्र शिवता येत नाही. हेडफोनमधला तानपुरा हळू ठेवा, नाहीतर तो माइकमधे झिरपतो आणि पट्टी पुढे थोडी जरी हलवली तरी मागे भुतासारखा ऐकू येतो.

वेळ कधीची धरायची हा इंदूरमधे मोठा प्रश्न आहे. लग्नसराईत बँडबाजा, गणपतीत स्पीकर, रंगपंचमीच्या गेरच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या, आसपास तर विसराच, आणि मे महिन्यात पंखा बंद करून गाणं म्हणजे शिक्षा. पावसाळ्यात तबल्याचं चामडं ढिलं पडत राहतं, दर दोन टेकला हातोडी निघते. दिवाळी झाल्यावर लग्नाचे मुहूर्त सुरू व्हायच्या आधी जे दिवस मिळतात ते उत्तम, किंवा मग थंडीत पहाटे, रस्ता जागा व्हायच्या आधी, आवाजाला गरम पाणी देऊन.

तबला-डग्गा, ढोलक, बासरी, सतार, हे मात्र स्टुडिओतच करा. घरच्या फरशीवर तबला कितीही चांगला वाजवला तरी खोलीच जास्त ऐकू येते. सगळ्या वादकांना आठवडाभर आधी फोनवर गायलेला डेमो पाठवा, त्यात लय किती बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती ठोके, ते बोलून सांगा. आणि क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या टिकटिक ठोक्यावर, वाजवायची सवय नसलेला तबलजी असेल तर त्याच्याशी भांडू नका, तुम्ही आणि तो समोरासमोर बसून एक टेक घ्या, बाकी सगळं त्याच्यावर चढवा. भावगीताच्या अंगाची गाणी तशीच जास्त जिवंत वाटतात, क्लिकने त्यांची लय अगदी शिस्तीत बसते पण मजा जाते.

काम संपलं की स्टुडिओतून स्टेम्स घ्या, म्हणजे प्रत्येक वाद्याची वेगळी फाइल, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर. हे आधीच बोलून ठेवा, नंतर मागितलं की वेगळे पैसे सांगतात, किंवा डिस्क उडाली म्हणून सांगतात.

मिक्स करणारा (सगळे आवाज एकत्र बसवणारा) आणि मास्टर करणारा (त्यावर शेवटचा हात फिरवणारा) शक्यतो वेगळा माणूस असावा, ताजा कान मिळतो. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ लफ्सला (लफ्स म्हणजे गाणं कानाला किती जोरात लागतं त्याचं माप) आणून वाजवतं, म्हणून आवाज जोरात हवा म्हणून गाणं चेपून घेऊ नका, तसंही ते खाली येणार आहे. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सगळ्यात उंच टोक, उणे १ डेसिबल ठेवायला सांगा. मिक्स कारमधे ऐका, फोनच्या स्पीकरवर ऐका, आणि वडिलांच्या टीव्हीवर ऐका कारण यूट्यूब तिथेच लागणार आहे.

नाव, डिस्ट्रिब्युटर, आकडे

स्पॉटिफाय वगैरेवर आपण थेट गाणं टाकू शकत नाही, मधे डिस्ट्रिब्युटर लागतो. डिस्ट्रोकिड वर्षाची वर्गणी घेतं आणि हवी तेवढी गाणी टाकू देतं, पण वर्गणी थांबली की गाणी उतरू शकतात, कायम ठेवायचे वेगळे पैसे आहेत. सीडी बेबी एकदाच पैसे घेतं आणि पुढे कमाईतून ९ टक्के कापतं. राउटनोटचा फुकटचा प्लॅन आहे, तिथे १५ टक्के त्यांचे. जो एकच अल्बम काढून दोन वर्षं गप्प बसणार आहे त्याने वर्गणीवालं घेऊ नये असं माझं सरळ मत आहे.

अकाउंट उघडायच्या आधी तुमचं नाव सगळ्या ॲपवर शोधून बघा. जोशी-कुलकर्णी-देशपांडे मंडळींचा हा खास त्रास, त्याच नावाचे अजून दोघं तरी सापडतात आणि तुमचं गाणं कुठल्यातरी भजनगायकाच्या पानावर जाऊन बसतं. मधलं नाव घाला, टोपणनाव घ्या, काहीही करा, पण इंग्रजी स्पेलिंग एकच ठरवा आणि पोस्टरपासून बँकेपर्यंत तेच ठेवा. गाण्याची भाषा मराठी निवडा, फॉर्ममधे आधीपासून हिंदी किंवा इंग्रजी असतं आणि घाईत तेच जातं, मग मराठीच्या प्लेलिस्टवाल्यांना तुम्ही दिसतच नाही.

प्रत्येक रेकॉर्डिंगला एक आयएसआरसी कोड मिळतो, बारा अक्षर-आकड्यांचा, डिस्ट्रिब्युटर फुकट देतो. तो वहीत उतरवा. आधी सिंगल म्हणून काढलेलं गाणं नंतर अल्बममधे टाकताना तोच कोड आणि तीच फाइल द्या, म्हणजे आधीचे ऐकलेले आकडे जुळून येतात. नवीन कोड पडला की गाणं शून्यापासून सुरू. कव्हरचं चित्र ३,००० गुणिले ३,००० पिक्सेल, चौरस, आणि त्यावर फोन नंबर किंवा कुठल्या ॲपचा लोगो टाकू नका, परत पाठवतात.

यूट्यूबचा कंटेंट आयडी, म्हणजे तुमचं गाणं दुसऱ्याच्या व्हिडिओत वाजलं की ओळखून दावा लावणारी व्यवस्था, लावू का असं डिस्ट्रिब्युटर विचारेल. इंटरनेटवरून घेतलेला तयार लूप (परत परत वाजणारा संगीताचा तुकडा) कुठल्या गाण्यात वापरला असेल तर त्या गाण्याला लावू नका, तोच लूप वापरणाऱ्या दुसऱ्यांवर तुमच्या नावाने दावे जातील आणि मग निस्तरत बसा.

तारीख

आधी दोन सिंगल, महिन्याच्या अंतराने, मग अल्बम. फाइल तारखेच्या चार-पाच आठवडे आधी चढवा. स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्समधून संपादकांना गाणं सुचवता येतं, येऊ घातलेल्या अल्बममधलं एकच, आणि ते निदान सात दिवस आधी केलं नाही तर फॉलोअर्सच्या रिलीज रडारमधे, म्हणजे नवीन गाण्यांच्या आपोआप बनणाऱ्या प्लेलिस्टमधे, तुम्हाला हवं ते गाणं जाईल ह्याची खात्री नसते. नवीन गाणी शुक्रवारी काढायची प्रथा २०१५ पासून जगभर आहे, आपणही तीच पाळावी, पण कुठला शुक्रवार ते आपल्या कॅलेंडरने ठरवा. गणपतीच्या दोन-तीन आठवडे आधीचा मला सगळ्यात बरा वाटतो, कारण गाणं निघतं आणि लगेच मंडळांत गायला दहा दिवस मिळतात. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुकीच्या, रात्री मात्र काही काढू नका, अख्खं इंदूर रस्त्यावर असतं.

इंदूरमधे लोकांपर्यंत

आपला ऐकणारा वर्ग दोन ठिकाणी आहे, यूट्यूब आणि व्हॉट्सॲप. तेव्हा महागडा व्हिडिओ नसला तरी चालेल, पण मोठ्या देवनागरी अक्षरांत शब्द येणारा लिरिक व्हिडिओ हवाच, चष्मा न लावता वाचता आला पाहिजे. आणि व्हॉट्सॲपवर कधीही एमपीथ्री पाठवू नका. मावशी मागणारच, अरे लिंक उघडत नाही गाणंच पाठव ना, पण एकदा फाइल गेली की ती पन्नास ग्रुप फिरते आणि तुमच्या खात्यात एक पण आकडा पडत नाही. मावशीच्या घरी जा आणि यूट्यूबवर सबस्क्राइब करून द्या, चहा पण मिळतो.

प्रकाशनाचा कार्यक्रम करायचा तर रवींद्र नाट्यगृहाच्या मोहात पडू नका, अर्धं रिकामं नाट्यगृह फोटोत फार वाईट दिसतं. दुआ सभागृहासारखी छोटी जागा घ्या आणि भरा. पाहुण्यांची भाषणं दोनच, आणि तीसुद्धा गाण्यांच्या मधे, आधी नाही. दारावर क्यूआर कोडचं कार्ड ठेवा. सानंद ह्या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकांना येणारा प्रेक्षक हाच तुमचा प्रेक्षक आहे, त्यामुळे नाटकाच्या दिवशी आपला कार्यक्रम ठेवू नका. आकाशवाणी इंदूरला, म्हणजे मालवा हाउसला, सुगम संगीताच्या ऑडिशनची चौकशी करून ठेवा.

पैसे कुठून, कधी

खरं सांगायचं तर स्ट्रीमिंगमधून पहिल्या वर्षी खर्च निघत नाही. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद ऐकलं गेलं तरच मोजतात, आणि २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला काहीच मिळत नाही. म्हणून दीड मिनिटाचा आलाप सुरुवातीला ठेवायचा असेल तर तो स्टेजसाठी राखून ठेवा, रेकॉर्डला छोटा करा. कमाई डिस्ट्रिब्युटरकडे दोन-तीन महिन्यांनी दिसते. अमेरिकन डिस्ट्रिब्युटर डब्ल्यू-८बेन नावाचा कराचा फॉर्म मागतो, तो पॅन नंबर टाकून भरा, भारत-अमेरिका करारामुळे तिकडच्या रॉयल्टीवर ३० ऐवजी १५ टक्के कापतात.

आणि आयपीआरएस. १९६९ पासूनची गीतकार-संगीतकारांची सोसायटी आहे, तुम्ही दोन्ही आहात म्हणून दोन्ही म्हणून सभासद व्हा. रेडिओ, टीव्ही, हॉटेल, कार्यक्रम, कुठे गाणं वाजलं की त्याचा शब्द-चालीचा पैसा डिस्ट्रिब्युटर देत नाही, तो ह्या रस्त्याने येतो. सभासद झाल्यावर प्रत्येक गाण्याची वेगळी नोंद करावी लागते, गीतकार कोण, संगीतकार कोण, किती टक्के, आयएसआरसी कोणता. मघाशी सह्या केलेलं पान आणि वहीतले कोड काढा, एका बसण्यात होऊन जातं. गायक म्हणून वेगळी सोसायटी आहे, इसाम्रा, तिथेही नाव घाला. मग दर तीन महिन्यांनी स्टेटमेंट उघडून गाण्यांची नावं तपासा, स्पेलिंग चुकून पैसे दुसऱ्याच्या नावावर अडकलेले असले तर लगेच ईमेल करा, जितकं जुनं होतं तितकं सोडवायला अवघड जातं.